पडद्यावरचा उपदेशक आणि पडद्यामागचा हिशेब

(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखरूप मजकूर)



वर्षावासाच्या या व्याख्यानमालेत आमच्या अभ्यासवर्गाकडे जो विषय सोपविण्यात आला, तो ऐकून काही जणांना नवल वाटले असेल. टीव्हीवरून धर्माचा प्रचार करणारे उपदेशक, आणि तेही अमेरिकेतले! त्यांच्याशी आपले काय देणेघेणे? बंधू-भगिनींनो, देणेघेणे आहे. सकाळी सहा वाजता कोणत्याही वस्तीतून एक चक्कर मारून पाहा. कितीतरी घरांतून प्रवचनाचा आवाज कानी येतो. उपदेशक कोणत्याही पंथाचा असो, पडद्याच्या तळाशी बँकेचा खाते क्रमांक सरकत असतो, आणि समोर घरातले एखादे वृद्ध किंवा दुखण्याने गांजलेले माणूस हात जोडून बसलेले असते. हे तंत्र ज्या देशात वाढले, त्या देशाचा सत्तर वर्षांचा अनुभव न्यायालयांच्या निकालांसह जगापुढे आहे. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असे आपल्याकडे म्हणतात. ती ठेच नेमकी कशाला लागली, हे आज आपण पाहणार आहोत.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही ख्रिस्ती धर्मावर टीका करण्यासाठी येथे उभे नाही. या प्रकरणांत जे लुबाडले गेले ते श्रद्धाळू ख्रिस्तीच होते, आणि ही लबाडी उघडकीस आणणाऱ्यांतही श्रद्धाळू ख्रिस्ती होते. दोष एका धर्माचा नाही. दोष एका व्यवस्थेचा आहे, आणि तीच व्यवस्था उद्या कोणत्याही धर्माच्या अंगणात उभी राहू शकते. आपल्याही!

टीव्हीवरचा उपदेश आरंभापासूनच असा होता काय? नाही. १९५२ साली अमेरिकेत फुल्टन शीन नावाच्या कॅथलिक बिशपांची व्याख्याने टीव्हीवर सुरू झाली. अंगावर धर्मगुरूचा झगा, हातात खडू आणि मागे फळा, एवढाच सरंजाम. शाळेतल्या गुरुजींसारखे ते अर्धा तास बोलत. विषयही भीती, एकटेपणा, कर्तव्य असे, कोणत्याही धर्माच्या माणसाला आपलेसे वाटणारे. पुढे एका टीव्ही संच बनविणाऱ्या कंपनीने कार्यक्रमाचा खर्च उचलला, आणि मिळणारे मानधन शीन यांनी चर्चच्या सेवाकार्याला दिले. १९५३ साली टीव्ही क्षेत्रातला मानाचा एमी पुरस्कार त्यांना मिळाला. प्रेक्षकांपुढे हात पसरण्याची त्यांना गरज नव्हती, कारण वेळेचे भाडे त्यांच्या डोक्यावर नव्हते. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढचे सारे रामायण त्या भाड्यातून घडले आहे.

त्या काळी अमेरिकेत नियम असा होता, की आकाशलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, म्हणून टीव्ही केंद्राने काही वेळ लोकसेवेसाठी दिला पाहिजे. धार्मिक कार्यक्रम लोकसेवेत धरले जात. मोठमोठ्या प्रसारण कंपन्या हा वेळ प्रमुख चर्चसंस्थांना विनामूल्य देत. १९६० साली तेथील संदेशवहन आयोगाने भूमिका घेतली, की कार्यक्रम फुकट वेळेतला असो वा विकत घेतलेल्या वेळेतला, लोकसेवा म्हणून दोन्ही सारखेच. झाले! केंद्राच्या मालकांनी विचार केला, जी वस्तू विकली तरी पुण्य तेवढेच मिळते, ती फुकट का द्यावी? ज्या संस्था वेळ विकत घेत नव्हत्या, त्या हळूहळू मागे पडल्या. ज्यांची पैसे मोजायची तयारी होती, ते पुढे आले. आणि ज्याला दर आठवड्याला लाखोंचे भाडे भरायचे आहे, तो ते कोणाकडून आणणार? अर्थातच ऐकणाऱ्याकडून.

पॅट रॉबर्टसन यांचे उदाहरण पाहा. व्हर्जिनिया राज्यातले बंद पडलेले एक छोटे टीव्ही केंद्र त्यांनी घेतले आणि १९६१ साली प्रक्षेपण सुरू केले. महिन्याचा खर्च होता ७ हजार डॉलर. १९६३ साली त्यांनी पडद्यावरून आवाहन केले, की ७०० प्रेक्षकांनी दरमहा १० डॉलर द्यावेत. गणित सरळ होते. त्याच आकड्यावरून त्यांच्या कार्यक्रमाचे नाव 'सातशेंचा क्लब' असे पडले. धर्माच्या कार्यक्रमाला वर्गणीदारांच्या संख्येवरून नाव मिळावे, यातच बदललेल्या काळाची खूण आहे. १९७७ साली रॉबर्टसन यांची वाहिनी उपग्रहावर गेली आणि देशभर दिसू लागली. १९८८ साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी रिंगणात उतरले. सातशे वर्गणीदारांपासून थेट तिथपर्यंत!

आता उपदेशात काय फरक पडला ते पाहू. ओरल रॉबर्ट्स हे आधी तंबू ठोकून आजाऱ्यांवर हात ठेवणारे उपदेशक होते. १९५० च्या दशकातच ते टीव्हीवर आले. 'श्रद्धेचे बीज' ही कल्पना त्यांनी लोकप्रिय केली. उपदेशकाला दिलेली देणगी म्हणजे पेरलेले बी, देव त्याचे कितीतरी पटींनी पीक देईल, अशी ती शिकवण. 'पेरावे तसे उगवते' ही म्हण आपल्याही मातीतली आहे. पण आपले आईबाप ती म्हण कष्टाविषयी आणि वागणुकीविषयी सांगत आले. येथे पेरायचे ते पैसे, आणि पेरायचे ते उपदेशकाच्या शेतात! पीक आले तर श्रेय उपदेशकाचे, न आले तर तुझी श्रद्धा कमी पडली. ज्या व्यवहारात देणारा कधीच जिंकत नाही आणि घेणारा कधीच हरत नाही, त्याला धर्म म्हणायचे काय?

१९८७ च्या जानेवारीत याच रॉबर्ट्स यांनी जाहीर केले, की मार्चअखेर ८० लाख डॉलर जमले नाहीत, तर देव आपल्याला बोलावून घेईल. पैसे जमले. शेवटचा १३ लाख डॉलरचा हप्ता फ्लोरिडातल्या एका कुत्र्यांच्या शर्यतीच्या मालकाने दिला. त्यांनी ओक्लाहोमात १९८१ साली उघडलेले भव्य इस्पितळ मात्र १९८९ साली बंद पडले.

येथे कोणी म्हणेल, देणारेच मूर्ख होते. आम्हांला हे मान्य नाही. या पैशाचा मोठा भाग छोट्या छोट्या रकमांनी येत असे, आणि देणाऱ्यांत वृद्ध स्त्रिया, निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे, आजारी व एकटी माणसे पुष्कळ असत. एकदा दूरध्वनी केला किंवा पत्र पाठविले, की नाव-पत्ता यादीवर चढे. मग संगणकावर छापलेली पत्रे येऊ लागत. पत्राच्या आरंभी त्या बाईचे नाव, मजकुरात पुन्हा तिचे नाव, आणि 'काल रात्री मी तुझ्यासाठी प्रार्थना केली' अशा थाटाची जवळीक. पत्रासोबत कधी मंतरलेले फडके, कधी तेलाची पुडी, आणि उलट टपाली पैसे पाठविण्याचे पाकीट. ज्या घरात महिनोन्महिने पोरांचे पत्र येत नाही, त्या घरात असे पत्र आले तर काय होईल, याचा विचार करा. बाई फसली, कारण तिला नावाने हाक मारणारे दुसरे कोणी उरले नव्हते.

या कहाणीतले सर्वांत गाजलेले प्रकरण जिम बेकर यांचे. बेकर आणि त्यांच्या पत्नी टॅमी फे यांनी रॉबर्टसन यांच्या केंद्रावर मुलांसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम करून सुरुवात केली. १९७४ पासून उत्तर कॅरोलायनातील शार्लट येथून त्यांनी 'पीटीएल' हा आपला कार्यक्रम चालविला. जवळच दक्षिण कॅरोलायनात सुमारे २३०० एकरांवर 'हेरिटेज यूएसए' नावाची धार्मिक विहारनगरी उभारली. हॉटेल, पाण्याच्या घसरगुंड्या, दुकाने, सारे काही. मग योजना निघाली, की १ हजार डॉलर द्या आणि आजन्म दर वर्षी तीन रात्री हॉटेलात फुकट राहा. खोल्या होत्या शेकड्यांत आणि सदस्य केले गेले हजारोंनी. आपल्याकडे एकच प्लॉट चार जणांना विकणारे भेटतात. जात तीच, फक्त येथे तोंडी देवाचे नाव होते.

शार्लटच्या स्थानिक वृत्तपत्राने हा हिशेब चिकाटीने खणून काढला. त्याबद्दल त्या पत्राला १९८८ साली पुलित्झर पुरस्कार मिळाला. मार्च १९८७ मध्ये बेकर यांनी पद सोडले. भक्तांकडून १५ कोटी ८० लाख डॉलर फसवून गोळा केले आणि त्यांतले ३७ लाख स्वतःसाठी वापरले, असा सरकारचा आरोप होता. ऑक्टोबर १९८९ मध्ये ज्युरीने सर्व २४ आरोपांवर त्यांना दोषी ठरविले आणि ४५ वर्षांची शिक्षा झाली. १९९१ साली वरिष्ठ न्यायालयाने दोष कायम ठेवला, पण शिक्षा रद्द केली. कारण असे, की शिक्षा देताना न्यायाधीशांनी आपल्या स्वतःच्या धार्मिक भावनेची भाषा वापरली होती. आपण संविधान मानणारी माणसे आहोत. न्यायदान कायद्याने व्हावे, न्यायाधीशाच्या श्रद्धेने नव्हे, हा धडाही येथे घेण्यासारखा आहे. पुढे शिक्षा कमी झाली आणि १९९४ साली बेकर सुटले. येथे कथा संपावी. पण २००३ साली ते पुन्हा पडद्यावर आले. २०२० साली करोनाची साथ पसरली, तेव्हा त्यांच्या कार्यक्रमात चांदीमिश्रित द्रावण विकले जात होते, आणि ते या विषाणूवरही चालेल असा समज पसरविला जात होता. सरकारी यंत्रणांनी ताकीद दिली, मिसूरी राज्याने दावा लावला, आणि २०२१ साली तडजोडीत ग्राहकांना सुमारे १ लाख ५६ हजार डॉलर परत करण्याचे ठरले. माणूस तुरुंगातून बाहेर आला, व्यवस्था मात्र होती तशीच त्याची वाट पाहत होती.

दुसरे प्रकरण पीटर पोपॉफ यांचे. ते सभेत अनोळखी माणसाला नावाने हाक मारीत, त्याचा पत्ता आणि आजार सांगत, आणि 'तू बरा झालास' असे घोषित करीत. लोक थक्क होत. काही सभांत लोकांनी आपल्या औषधाच्या गोळ्या व्यासपीठावर फेकून दिल्या. १९८६ साली जेम्स रँडी या जादूगाराने सहकाऱ्यांसह सभागृहात रेडिओलहरी पकडणारे यंत्र नेले. ऐकू काय आले? पोपॉफ यांच्या पत्नीचा आवाज. सभेपूर्वी प्रार्थनेसाठी लोकांकडून भरून घेतलेल्या कार्डांवरची माहिती ती पतीच्या कानातल्या छोट्या यंत्रात सांगत होती. रँडींनी ती ध्वनिफीत एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात साऱ्या देशाला ऐकविली. १९८७ साली पोपॉफ यांनी दिवाळखोरी जाहीर केली. काही वर्षांनी तेही परतले, आणि 'चमत्कारी झऱ्याचे पाणी' वाटू लागले. ज्या पडद्याने त्यांचे बिंग फोडले, त्याच पडद्याने त्यांना परत घेतले. कारण ते वेळेचे पैसे भरत होते.

तिसरे उदाहरण थोडक्यात सांगतो. १९९१ च्या नोव्हेंबरात एका राष्ट्रीय वाहिनीने डल्लसचे उपदेशक रॉबर्ट टिल्टन यांच्यावर शोधवार्ता दाखविली. भक्तांनी पाठविलेली प्रार्थनेची पत्रे, आतले पैसे काढून घेतल्यावर, कचऱ्यात जातात असा त्या वार्तेचा आरोप होता. टिल्टन यांनी तो नाकारला, पण त्यांचे साम्राज्य ढासळले. या शोधात डल्लसच्याच एका छोट्या ख्रिस्ती संस्थेने मोठा वाटा उचलला होता. आपल्या घरची घाण आपणच काढायची, हे धैर्य त्या माणसांत होते.

मग सरकार काय करीत होते, असा प्रश्न येतो. अमेरिकेत इतर सेवाभावी संस्थांना दर वर्षी जमाखर्चाचे जे विवरणपत्र द्यावे लागते, त्यातून चर्चला सूट आहे. २००७ साली सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी टीव्हीवरच्या सहा बड्या उपदेशकांकडे विमाने, बंगले आणि पगार यांचा तपशील मागितला. पूर्ण सहकार्य फक्त दोघांनी केले. २०११ साली चौकशी कोणालाही दंड न होता संपली. त्या सहांपैकीच एका उपदेशकाच्या संस्थेने २०१५ साली साडेसहा कोटी डॉलरच्या विमानासाठी भक्तांना आवाहन केले.

तरीही सगळेच तसे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. बिली ग्रॅहम यांनीही टीव्हीवर वेळ विकत घेतला. पण १९४८ सालीच त्यांनी व सहकाऱ्यांनी पैशाबाबत स्वतःवर बंधने घालून घेतली होती. पुढे त्यांनी संस्थेच्या मंडळाने ठरविलेल्या पगारावर काम केले. १९७९ साली आर्थिक पारदर्शकतेसाठी एक परिषद स्थापन झाली, तिच्यात त्यांची संस्था आरंभापासून होती. म्हणजे भाडे भरूनही हात स्वच्छ ठेवता येतात. फक्त हिशेबाची कुलूपकिल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. २००० साली आस्था आणि संस्कार या वाहिन्या सुरू झाल्या आणि प्रवचन घरोघर पोचले. पुढे वृत्तवाहिन्यांनीही वेळ विकायला सुरुवात केली. २०१२ साली निर्मल बाबा यांच्या पैसे भरून दाखविल्या जाणाऱ्या समागमांवरून मोठे वादळ उठले. समागमात बसण्यासाठी माणशी २ हजार रुपये, शिवाय उत्पन्नाचा दहावा हिस्सा, आणि अडचणीवर उपाय काय, तर अमुक चटणीबरोबर पाणीपुरी खा! अमेरिकेतले 'बीज' आणि आपल्याकडचा 'दसवंद', शब्द वेगळे, हिशेब एकच.

कायदा आपल्याकडे आहे. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम केबलवर दाखवू नये, असे १९९४ चे केबल टीव्ही नियम सांगतात. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येनंतर महाराष्ट्रात झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळविणे त्यात गुन्हा ठरविले आहे. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने चमत्कारी यंत्रे विकणाऱ्या टीव्ही जाहिराती याच कायद्याखाली बेकायदेशीर ठरविल्या. पण कायदा तक्रार आल्यावर जागा होतो. घरात बसलेल्या आजीच्या शेजारी कायदा बसत नाही. तेथे आपणच बसावे लागते.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. नालंदा येथे केवट्ट नावाच्या गृहस्थाने भगवान बुद्धांना विनंती केली, की एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखवायला सांगावे, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंतांनी ती नाकारली. अशा चमत्कारात त्यांना धोका दिसला, आणि माणसाला शहाणे करणारा उपदेश हाच श्रेष्ठ चमत्कार, असे त्यांनी सांगितले. कालामांनाही त्यांनी हेच बजावले, की सांगणारा आपला गुरू आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नका. दीघनिकायातला तो केवट्ट आज असता, तर त्याने वाहिनीवर अर्ध्या तासाचा वेळ विकत घेतला असता!

आमच्या तरुण मित्रांचा प्रश्न आहे, की मग आपण पडद्यापासून दूर राहावे काय? मुळीच नाही. आज तर टीव्हीही मागे पडू लागला. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, आणि प्रवचनाखाली खाते क्रमांकाऐवजी क्यूआर कोड आहे. पूर्वी पाकीट, तिकीट, टपालपेटी एवढा तरी विचाराला अवधी मिळे. आता बोट टेकवले की पैसे गेले. पडदा वापरावा, पण कोणाचाही उपदेश ऐकताना तीन प्रश्न विचारावेत, आणि आधी ते स्वतःला लागू करावेत.

पहिला प्रश्न, याला उलट प्रश्न विचारता येतो काय? विहारात किंवा सभेत माणूस उठून उभा राहू शकतो. पडद्यासमोर तो फक्त मान हलवू शकतो. म्हणून जो उपदेशक लोकांत उतरून शंकांना उत्तर देत नाही, त्याच्या शब्दाला अर्धेच वजन द्यावे.

दुसरा प्रश्न, हिशेब दिसतो काय? आपल्या राज्यात नोंदणीकृत सार्वजनिक न्यासाला हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावे लागतात. पावती मागावी, नोंदणी क्रमांक विचारावा. पावती मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याला पैसे देऊ नयेत. आपल्या संस्थेलाही हाच न्याय लावा. जमाखर्चाचे पत्रक सूचना फलकावर लागले नसेल, तर अध्यक्षांना विचारा. आम्हांलाही विचारा.

तिसरा प्रश्न, हा औषध थांबवायला सांगतो काय? मधुमेहाची गोळी, क्षयाचा डोस, रक्तदाबाचे औषध कोणाच्याही शब्दावर बंद होता कामा नये. येथे तडजोड नाही. येथे माणसाचा जीव आहे.

आणि शेवटी एक विनंती, विशेषतः सुना-मुलांना. आजी टीव्हीपुढे हात जोडून बसली, तर तिच्या हातातला रिमोट हिसकावू नका, तिला हसू नका. तिच्याजवळ बसा. तिला काय पटले ते विचारा. तिचे गुडघे दुखतात तर दवाखान्यात तिच्याबरोबर जा. तिला आठवड्यातून एकदा विहारात घेऊन या, चार माणसांत बसवा, बोलते करा. त्या उपदेशकाची पत्रे ज्या रिकाम्या जागेत शिरली, ती जागा आपल्या घरात रिकामी राहू देऊ नका. तिला आपण नावाने हाक मारली, तर परक्याच्या हाकेला ती पैसे मोजणार नाही.

 शंका असतील त्या अवश्य विचाराव्यात. आम्ही पडद्यावर नाही, आपल्यासमोर उभे आहोत.

जय भीम! जय भारत!